रात्रीच्या गेमची शिदोरी

दिवाळीची सुट्टी संपल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसला : मोबाइलवर किंवा संगणकावर तासन्‌तास गेम खेळणाऱ्यांनी मधल्या वेळेत काय खावे? गेम किती वेळ खेळावा हा वाद या सदराच्या कक्षेबाहेरचा आहे आणि तो घरोघरी पुरेसा चालू असतो. म्हणून येथे केवळ खाण्याविषयीच्या पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी रात्री ९ वाजता तो मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळायला बसतो आणि पहाटे २ वाजेपर्यंत उठत नाही. जेवायला हाक मारली, की ‘एवढी मॅच संपू दे’ असे उत्तर येते. मग मध्यरात्री वेफर्स, कोल्ड्रिंक आणि नूडल्स यांवर भूक भागवली जाते. मी केलेले थालीपीठ ‘हात तेलकट होतात’ म्हणून तसेच परत येते. हाताला न लागणारे आणि तरीही अंगी लागणारे असे काय करून ठेवता येईल?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या मुलाची तक्रार खोटी नाही. मोबाइलवर खेळताना दोन्ही अंगठे काचेवर असतात आणि काचेला तेल लागले, की अंगठा जिथे थांबायला हवा तिथून नेमका घसरतो. संगणकावर तेच तेल माउसवर आणि की-बोर्डवर जाते. माझ्या भाच्याचा की-बोर्ड मी एकदा वर्तमानपत्रावर उलटा धरून ठोकला, तेव्हा त्यातून चमचाभर बारीक शेव, तीळ आणि चिवड्यातला लसणाचा एक तळलेला काप बाहेर पडला. तेव्हा असा खाऊ कोरडा, एका घासाचा आणि चुरा न सांडणारा असावा, ही अट आपण आधी मान्य करू या. गंमत अशी, की ही अट आपल्या स्वयंपाकघराला मुळीच नवी नाही. ताटवाटी न मांडता, चालत्या गाडीत किंवा वारीच्या वाटेवर एका हाताने खाता यावे आणि दोन दिवस टिकावे अशा हिशेबाने आपल्याकडे शिदोरी बांधली जात असे. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याची वडी हे सारे त्याच हिशेबातून आलेले आहे. तुमच्या मुलाला हवी आहे ती शिदोरीच. फरक एवढाच, की प्रवासी जागचा हलत नाही.

आणि हा फरक खाण्याच्या दृष्टीने मोठा आहे. गेम खेळताना छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, त्यामुळे अंगमेहनत झाल्यासारखे वाटते. पण ६० किलो वजनाच्या माणसाचे बसून खेळताना तासाला साधारण ६० ते ९० कॅलरीच खर्च होतात, म्हणजे स्वस्थ बसून राहण्यापेक्षा फार अधिक नाहीत. ‘मेंदू थकतो म्हणून साखर लागते’ हा युक्तिवादही मुले करतात. मेंदूला ग्लुकोज लागते हे खरेच आहे. मात्र त्याची दिवसाची गरज सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅमच्या आसपास असते आणि वेळेवर जेवलेल्या निरोगी माणसाचे यकृत ती मुकाट्याने पुरवत राहते. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. एवढी साखर एकाच वेळी मेंदू वापरू शकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट खाऊची नसून जेवणाची आहे. शनिवारी घरातले जेवण ८ वाजता उरकून घ्या. भाकरी किंवा पोळी, घट्ट आमटी किंवा उसळ, भाजी आणि दही असे भरपेट जेवण होऊन मुलगा ९ वाजता बसला, तर ११ वाजेपर्यंत त्याला खऱ्या अर्थाने भूक लागणार नाही आणि नंतरही एका वाटीवर भागेल. जेवण टाळून त्याची जागा खाऊने भरायची ठरवली, तर कोणताही खाऊ कमीच पडतो.

दुसरी गोष्ट मोजून देण्याची. ३० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ११० कॅलरी असतात. तेवढ्याच शेंगदाण्यांत प्रथिने ७ ते ८ ग्रॅम असतात. पण कॅलरी १७० च्या घरात जातात, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सइतक्याच किंवा किंचित जास्तच. वेफर्समध्ये प्रथिने जेमतेम २ ग्रॅम मिळतात, शिवाय मीठ भरपूर असते, हा त्यांच्यातला फरक. दाणे पौष्टिक आहेत म्हणून डबाच टेबलावर ठेवला, तर पौष्टिकतेचा उपयोग राहत नाही, कारण डोळे पडद्यावर असताना हात मोजत नाहीत. डेन्मार्कमध्ये १५ ते १९ वर्षांच्या मुलांवर झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे : तासभर व्हिडिओ गेम खेळल्यानंतर ही मुले, नुसते बसून राहिल्यानंतर खात त्यापेक्षा जास्त जेवली आणि तरीही आपल्याला भूक अधिक लागली होती असे त्यांनी सांगितले नाही. त्यामुळे पुडा किंवा डबा खोलीत जाऊ देऊ नका, वाटी जाऊ द्या. एक मध्यम मूठ फुटाणे, अर्धी मूठ भाजलेले शेंगदाणे आणि चार-पाच बेदाणे किंवा एक खारीक, एवढी वाटी पुरे आहे. फुटाण्यांची साले आधीच पाखडून काढा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने ती खोलीभर होतील आणि दोष तुमच्या फुटाण्यांना लागेल.

चिवडा द्यायचा असेल, तर तो थोडा वेगळा करावा लागेल. पातळ पोहे मंद आचेवर कोरडेच भाजा. चिमटीत धरून दाबल्यावर त्यांचा भुगा झाला, की झाले असे समजावे. पाव किलो पोह्यांना दोन मोठे चमचे तेल पुरते. त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची आणि पंढरपुरी डाळे परतून पोहे मिसळा. हळद मात्र घालू नका. पिवळी बोटे आणि पांढरा माउस यांचे पटत नाही, हे मी अनुभवाने सांगते. सोबत चमचा द्या. चिवडा चमच्याने खाणे काहींना विचित्र वाटेल; पण जपान-कोरियातले काही खेळाडू वेफर्ससुद्धा चॉपस्टिकने खातात, त्यापेक्षा चमचा पुष्कळच साधा. मखाणेही असेच चमचाभर तुपावर दहा मिनिटे कुरकुरीत होतात, परंतु त्यांची किंमत पाहता रोजच्या खाऊत त्यांचा आग्रह धरावा असे मला वाटत नाही.

तुमच्या थालीपिठालाही न्याय मिळू शकतो. ते कमी तेलावर खरपूस भाजून गार झाले, की शंकरपाळ्याएवढे तुकडे करा आणि टूथपिक टोचून द्या. दशमीत शेंगदाण्याची चटणी भरून घट्ट गुंडाळी केली आणि तिचा खालचा अर्धा भाग कागदी रुमालात बांधला, तर एका हाताने पाच-सहा घासांत संपते. दही, पनीर, अंडे किंवा भात असलेले पदार्थ मात्र रात्री खोलीत ठेवल्यास दोन तासांच्या आत संपले पाहिजेत. १० वाजता नेऊन ठेवलेला दहीभात १ वाजता खाणे, विशेषतः उन्हाळ्यात, धोक्याचे असते.

खाण्याची वेळ कोणती, हे मुलालाच ठरवू द्या, कारण गेमची लय त्याला ठाऊक असते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेमचा मोठ्या नकाशावरचा एक सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि आपला खेळाडू आधीच बाद झाला तर त्याहून कमी वेळाचा. दोन सामन्यांच्या मध्ये उठणे, वाटी स्वयंपाकघरात उभ्यानेच संपवणे, पाणी पिऊन परत येणे यात फार तर पाच मिनिटे जातात. खाऊ टेबलावर नसून स्वयंपाकघरात असला, तर उठणे आपोआप होते. मी स्वतः वाटीतल्या पदार्थांपेक्षा ती कुठे ठेवली आहे याकडे अधिक लक्ष देते.

कोल्ड्रिंकविषयी एक गोष्ट त्याच्या कानावर जरूर घाला. तोंडात साखर गेली, की तिथले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि दातांवरचे कवच विरघळू लागते. लाळेला हे आम्ल निवळवायला अर्धा ते एक तास लागतो. एक ग्लास एकदम पिऊन टाकणारा माणूस दातांवर एकच हल्ला करतो, तर तीच बाटली शेजारी ठेवून पाच तास घोट घोट घेणारा दातांना सावरायची संधीच देत नाही. चिक्की आणि खजूर दातांना चिकटतात, म्हणून तेही खाऊन झाल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी. पिण्यासाठी झाकणाची पाण्याची बाटली, पातळ ताक किंवा साखर बेताची घातलेले कोकम सरबत ठेवा.

प्रश्न : मी पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. खोलीत गॅस नाही, फ्रिज नाही. फक्त इलेक्ट्रिक किटली आहे. मेस रात्री साडेनऊला बंद होते आणि आमचे व्हॅलोरंटचे सामने त्यानंतरच सुरू होतात. रोज नूडल्स खाऊन कंटाळा आला आहे. कमी खर्चात काय करता येईल?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : किटली ही मोठी सोय आहे, फक्त तिचा उपयोग नूडल्सपुरता होतो हे वाईट. मालकांची हरकत नसेल, तर अंडी स्वच्छ धुऊन किटलीत पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात ठेवा. पाणी उकळून किटली बंद झाली, की झाकण न उघडता पंधरा मिनिटे थांबा. अंडी घट्ट उकडली जातात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ७५ कॅलरी असतात आणि फ्रिज नसल्यामुळे ती त्या त्या रात्रीपुरतीच उकडावीत, एवढेच पथ्य आहे. सोलून, चार फोडी करून त्यांवर मीठ-मिरपूड घातली, की काम झाले.

अंडे चालत नसेल, तर घरून येताना सातूचे पीठ आणा. विदर्भातल्या वाचकांना हे सांगण्याची गरज नाही; इतरांसाठी सांगते, की भाजलेले गहू आणि डाळे दळून केलेले हे पीठ आधीच शिजलेले असल्याने गार पाण्यात किंवा दुधात, थोडा गूळ घालून कालवले, की दोन मिनिटांत खाण्याजोगे होते. ते पातळ करून झाकणाच्या ग्लासातून प्यायल्यास एक हात मोकळाच राहतो. दडपे पोहे हा दुसरा पर्याय. पातळ पोहे, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, लिंबू, मीठ, भाजलेले दाणे आणि असल्यास ओला नारळ एकत्र करून डब्यात पंधरा मिनिटे दडपून ठेवा. गॅसशिवाय होणाऱ्या पदार्थांत याच्या तोडीचा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. मटकीला मोड आणणार असाल, तर ती कच्ची खाऊ नका. कोमट ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात. किटलीत पाण्याबरोबर उकळी आणून ती पाच मिनिटे तशीच राहू द्या आणि मग पाणी काढून टाका.

नूडल्स खाल्लेच, तर मसाल्याची पुडी अर्धी वापरा, कारण बरेचसे मीठ तिच्यातच असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे आणि मेसचे लोणचे-पापड त्यातला बराच वाटा आधीच घेऊन गेलेले असतात. उरलेली अर्धी पुडी दुसऱ्या दिवशी मटकीवर घाला, चांगली लागते.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. आमच्या टीमची ऑनलाइन स्पर्धा असते तेव्हा सामने रात्री ११ नंतर होतात. माझे मित्र एनर्जी ड्रिंक पितात आणि त्याने रिफ्लेक्स चांगले होतात असे म्हणतात. मी प्यावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. ‘रिफ्लेक्स चांगले होतात’ हे तुझे मित्र अगदीच हवेतले बोलत नाहीत. कॅफिनमुळे माणूस सावध होतो आणि प्रतिसादाचा वेग थोडा वाढतो, हे खरे आहे. परंतु हे उसने घेतलेले असते आणि त्याची परतफेड झोपेतून करावी लागते. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ७५ ते ८० मिलिग्रॅम कॅफिन असते. प्रौढांच्या शरीरात यातले निम्मे कॅफिन कमी व्हायला सुमारे पाच तास लागतात. रात्री ११ वाजता कॅन प्यायलास, तर पहाटे ४ वाजता तुझ्या रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम कॅफिन शिल्लक असेल, म्हणजे तेव्हा कोणीतरी तुला उठवून चहाचा कप पाजल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सरावाला जे डोके लागते, ते त्या रात्रीच्या झोपेतच तयार होते; ती गेली, की रिफ्लेक्सही गेले.

पुढच्या वेळी मित्राच्या हातातला कॅन घेऊन त्यावरची बारीक अक्षरे वाच. भारतातल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पेयांवर ते मुलांसाठी योग्य नसल्याची आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त न पिण्याची सूचना छापावी लागते. त्याच कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे.

स्पर्धेच्या रात्री संध्याकाळी साडेसातला नीट जेव आणि सामन्याच्या अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. शक्य असेल तर दुपारी वीस-तीस मिनिटे झोप काढ. पाणी थोडे थोडे पीत राहा. एकदम तांब्याभर प्यायलास, तर नेमक्या शेवटच्या फेरीत उठावे लागेल. आणि चहा हवाच असेल, तर संध्याकाळी ५ च्या आत, एक कप.

प्रश्न : माझे वय ४४ असून मला पाच वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री जेवणानंतर मी संगणकावर बुद्धिबळ आणि स्ट्रॅटेजी गेम दोन-तीन तास खेळतो. त्या वेळी काहीतरी तोंडात टाकायची सवय लागली आहे. काय चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी आपल्या गोळ्यांची नावे पाहावीत. केवळ मेटफॉर्मिन चालू असेल, तर रात्री जेवणानंतर खाल्ले नाही म्हणून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा संभव फारच कमी असतो, तेव्हा ‘शुगर लो होईल’ या भीतीने खाण्याचे कारण नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल किंवा इन्सुलिन असेल, तर मात्र जेवण लांबवून खेळत बसणे धोक्याचे आहे. खेळताना हात थरथरणे, घाम येणे, डोके हलके होणे ही लक्षणे डाव हरल्याची समजून सोडून देऊ नयेत. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी आणि ती ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तेव्हा दाणे किंवा चॉकलेट उपयोगी नाही. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

एरवी मूठभर फुटाणे, काकडी-गाजराच्या फोडी, बिनसाखरेचे ताक किंवा पाच-सहा बदाम एवढ्यावर थांबावे. बाजारात ‘शुगर फ्री’ किंवा ‘डाएट’ नावाने मिळणाऱ्या चिवड्यात साखर नसली, तरी पोहे, कुरमुरे आणि तेल असतेच आणि वाटीभर कुरमुऱ्यांनीही साखर वाढते. खाण्याइतकाच उपयोग उठण्याचा होतो. मधुमेहींनी सलग बसून न राहता दर अर्ध्या तासाने थोडे चालावे, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बुद्धिबळाचे डाव दहा मिनिटांच्या घड्याळावर खेळत असाल, तर एक डाव संपायला वीस मिनिटांच्या आतच लागतात. डाव संपला की घरातल्या घरात दोन-तीन मिनिटे फिरून यावे. हरल्यावर लगेच दुसरा डाव मांडायचा मोह होतो, हे मी जाणून आहे.

प्रश्न : एकादशीला गेम खेळताना केळ्याचे वेफर्स खाल्ले तर चालतात ना? ते उपवासालाही चालतात आणि फळांपासूनच केलेले असतात.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : उपवासाला चालतात, हे मान्य. पण जळगावात राहून केळे सोडून वेफर्स खाणे मला पटत नाही. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी आणि ३ ग्रॅम चोथा असतो. तेच केळे कच्चे असताना कापून तेलात तळले, की पाणी जाऊन तेल आत येते आणि मूठभर चकत्यांतच तेवढ्या कॅलरी भरतात. शिवाय केळ्याला निसर्गाने दिलेले वेष्टन असते : साल अर्धी सोलून खालून धरली, तर बोटांना काहीच लागत नाही. सोबत अर्धी मूठ भाजलेले शेंगदाणे घ्या. फक्त साल की-बोर्डशेजारी ठेवू नका. तासाभरात चिलटे पडद्यावर येऊन बसतात.